झोपलेल्या घोड्याची म्होरकी

घोडा झोपवणं सोपं, उठवणं अवघड. आम्हाला शस्त्रक्रिया शिकवणारे सर हे वाक्य दर वर्षी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे आणि कुणी पुसलं तर रागवायचे. आम्ही त्यांच्या पाठीमागं हसायचो. त्यांच्या नकला करण्यात सगळ्यांत पुढं मीच असायचे.

कळमनुरी तालुक्यात जनावरांची डॉक्टर म्हणून मला आता आठ वर्षं होतील. इथं माझा दिवस म्हशींच्या गाभणपणात, शेळ्यांच्या पोटफुगीत आणि लसीकरणात जातो. घोडा क्वचित येतो. आहेत ते वरातीचे. लग्नसराईत अंगावर झूल आणि डोक्यावर कलगी, बाकीच्या दिवसांत बांधावर चरणं. लोकांना वाटतं, जनावरांची डॉक्टर म्हटल्यावर कोंबडी काय नि घोडा काय, सगळं सारखंच. मीही त्यांना तसं वाटू देते.

डोंगरकडा गावाच्या बाजूला एका शेतवस्तीवर असा एक घोडा होता. मालक पन्नाशीचा, हळद आणि सोयाबीन घेणारा शेतकरी. घोडा हा त्याचा जोडधंदा, पण जीव सगळा त्या घोड्यात. आसपासच्या दहा-बारा गावांत नवरदेवाचा परण्या निघायचा तो याच घोड्यावरून. लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात, तो परण्या. आमच्या बौद्ध वस्तीत तो विहारापर्यंत जातो. माझ्या वडिलांचा पायीच गेला होता, कारण त्यांच्या काळी आमच्या लोकांना घोडा कुणी देत नसे आणि मागायची सोयही नव्हती. माझ्या भावाचा मात्र याच घोड्यावरून गेला, आणि मालकानं स्वतः लगाम धरला होता. ते मी विसरले नव्हते. पुढं जे झालं त्यात त्याचाही वाटा आहे, म्हणून सांगितलं.

घोडा सहा वर्षांचा, पांढरा, देखणा आणि माजलेला. कुठं घोडी दिसली की मागच्या दोन पायांवर उभा. एका परण्यात नवरदेव फेट्यासकट ढोलवाल्याच्या अंगावर पडला. लागलं काही नाही, पण व्हिडिओवाल्यानं ते टिपलं आणि दुसऱ्या दिवशी तालुकाभर ते सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. मालक तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आला.

"म्याडम, खच्ची करून टाका त्याला. उद्या एखाद्या लेकरावर पाय देईल तो."

खच्ची करायची जुनी रीत म्हणजे पाय बांधायचे, आडवा पाडायचा, चार जणांनी दाबून धरायचा आणि शुद्धीवर असतानाच उरकायचं. मी म्हटलं, हे माझ्या हातून होणार नाही, मी पूर्ण भूल देऊनच करीन. त्यात दया होती. दयेइतकाच तोराही होता. या भागात तसं कुणी केलेलं नव्हतं, आणि आपण करून दाखवावं असं मला वाटत होतं.

"भुलीनं मरत तर न्हाई ना?" त्यानं विचारलं.

"भुलीनं नाही. उठताना जपावं लागतं."

गाय भुलीतून उठते ती सावकाश, आळस देत. तिला कसलीच घाई नसते. घोड्याला अर्धवट जाग आली की पहिली आठवण पळण्याची येते. पाय अजून ताब्यात नसतात आणि हा निघालेला असतो. शिवाय त्याचं वजन. तास-दीड तास एका कुशीवर पडून राहिला की खालच्या बाजूचं मांस दबतं, नसा दबतात. उठताना पाय साथ देत नाही, घोडा घाबरतो, आणि घाबरलेला घोडा स्वतःचं हाड मोडून घेतो. शिकत असताना एक घोडी मी तशी जाताना पाहिली होती. शस्त्रक्रिया झकास झाली होती. ती उठली, दोन पावलं टाकली, आणि बंदुकीचा बार उडावा तसा आवाज आला. त्यानंतर सरांची नक्कल मी कधी केली नाही.

म्हणून मी तयारी कसून केली. थंडीचे दिवस होते, हळदीची पानं पिवळी पडायला लागली होती. वखरलेलं मऊ रान निवडलं. पोत्यांत सोयाबीनचं कुटार भरून खांद्याखाली आणि पुठ्ठ्याखाली घालायला जाड गाद्या करून घेतल्या. आमच्या दवाखान्याचे परिचर, ज्यांची नोकरी माझ्या वयाएवढी आहे, त्यांना मी आदल्या दिवशी सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. खालचा पुढचा पाय पुढं ओढून ठेवायचा, नाहीतर नस दबते. डोळ्यांवर टॉवेल टाकायचा. कानांत कापूस घालायचा. तोंडावरची म्होरकी काढायची, कारण घोड्याच्या गालावर चामडीच्या लगेच खाली एक नस जाते आणि म्होरकीची कडी नेमकी तिच्यावर बसते. परिचर म्हणाले, "बराबर."

त्या घोड्याची म्होरकी पाहण्यासारखी होती. मालकाच्या बायकोनं जाड सुताची विणलेली, मधे लाल गोंडे, कवड्या, आणि दोन्ही गालांवर एकेक पितळी कडी. ती बाई पंचेचाळिशीची असेल. मी तिला मावशी म्हणायचे. बोलायची कमी आणि घोड्याचं सगळं तीच करायची. नवरा मिरवायचा आणि बायको शेण काढायची, अशी त्या घरात कामाची वाटणी होती.

सकाळी पहिलं इंजेक्शन दिलं. दोन-तीन मिनिटांत घोड्याची मान खाली आली, ओठ लोंबले. दुसरं इंजेक्शन हातात तयार होतं. ते दिलं की तो आडवा होणार. मी परिचरांना म्हटलं, "म्होरकी काढा." त्यांनी हात लावला आणि मावशी बांधावरून पुढं आली.

"म्होरकी न्हाई काढायची, म्याडम."

नवऱ्यानं समजावून सांगितलं, "आमच्यात जनावर इकलं, न्हाईतर मेलं, तवाच म्होरकी उतरते. जित्या जनावराची काढली की ते ठाणावर ऱ्हात न्हाई म्हनतात."

हा रिवाज मला नवा नव्हता. आमच्याकडंही बैल विकला तर दावं घरी ठेवून घेतात, घेणारा आपलं दावं घेऊन येतो. घोडा झुलत होता. परिचरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "राहू द्या."

मी तसं का म्हटलं, याची कारणं नंतर बरीच शोधली. घाई होती, हे एक. घोडा उभ्या उभ्या कोसळला असता. पण खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. या घरानं माझ्या भावाला घोड्यावर बसवलं होतं. या घरात मला चहा घरच्याच कपात मिळायचा. बौद्ध वस्तीतली पोरगी शिकून आली आणि आल्या आल्या आमचा रिवाज मोडला, असं कुणी म्हणू नये, असं मला वाटत होतं. मला त्या दिवशी चांगली डॉक्टर व्हायचं होतं आणि चांगली मुलगीही व्हायचं होतं. मी दुसरं आधी निवडलं.

अर्ध्या तासाचं काम होतं. एक रक्तवाहिनी सुटली आणि ती हाताला लागेपर्यंत वेळ गेला. भूल दोनदा वाढवावी लागली. घोडा डाव्या कुशीवर जवळजवळ दीड तास पडून राहिला. तेवढा वेळ मी त्याचा पाय पाहिला, श्वास पाहिला, हिरड्यांचा रंग पाहिला. गालाखाली पोतं नव्हतं.

उठला मात्र फार शहाण्यासारखा. आधी छातीवर बसला. मावशी मानेवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होती. पहिल्यांदा उठायला गेला आणि गाद्यांवर बसकण मारली. दुसऱ्यांदा उभा राहिला, थरथरला, आणि राहिला. मालकानं डोळे पुसले. मला इतका आनंद झाला की सरांना फोन करावासा वाटला. केला नाही, ते बरं झालं.

निघताना बजावलं, दिवस मावळेपर्यंत खायला काही द्यायचं नाही, पाणी थोडं थोडं. भुलीनंतर घसा आणि आतडी दोन्ही सुस्त असतात, घास अडकू शकतो. मावशीनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "म्याडम, घोड्याचं तोंड वाकडं झालं."

मी स्कूटीवर गेले. घोडा ठाणावर, त्याच्या बांधायच्या जागी, उभा होता, चारी पायांवर भक्कम. वरचा ओठ उजवीकडं ओढला गेला होता, डावीकडचा खालचा ओठ लोंबत होता, आणि डावी नाकपुडी श्वासाबरोबर फुलत नव्हती. दोन्ही कान उभे होते, पापण्या मिटत होत्या. म्हणजे मेंदूचं काही नव्हतं. डाव्या गालात चघळलेला घास साठून बाहेर गळत होता. मी म्होरकी जरा बाजूला सरकवली. कडीखाली केस दबलेले होते आणि कातडीवर पितळी कडीची गोल खूण उमटली होती. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि सगळं कळलं. कुणी शिकवायची गरज नव्हती.

"भुलीनंतर कधी कधी होतं असं," मी म्हटलं.

मावशी दारात उभी होती. तिचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा होता. ती म्हणाली, "म्या दिवस मावळायच्या आधीच कोंडा देला त्याला. भिजवून. लई केविलवाणा बघून राहिला व्हता. त्यानं तर न्हाई झालं?"

मी म्हटलं, "खायला लवकर द्यायला नको होतं, मावशी."

वाक्य खरं होतं. तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि तिला ते उत्तर वाटेल हे बोलताना मला कळत होतं. एवढं म्हणून मी सूज उतरण्याचं इंजेक्शन भरायला लागले.

दबलेली नस बहुतेक वेळा परत चालू होते. पण तिला तिचा वेळ लागतो, कधी आठवडे, कधी महिने. तोवर करायचं ते हातानंच. मी मावशीला दाखवलं: खाऊन झालं की गालात बोटं घालून साठलेला चारा काढायचा, पाणी खोल बादलीत द्यायचं म्हणजे नाकापर्यंत तोंड बुडवून पिता येतं, गाल कोमट फडक्यानं शेकायचा, कडबा बंद आणि ओला लुसलुशीत घास चालू. ती दिवसातून चार वेळा ते करायची. घोड्याचे दात म्हणजे काही गंमत नाही. तिच्या दोन बोटांना कायम चिंधी बांधलेली असायची.

मी तीन-चार दिवसांनी जायचे. दर खेपेला नवरा मला बघून तेच बोलायचा. "हिला दम न्हाई निघला, म्याडम. तुमी सांगितलं व्हतं. हिच्या हावरटपनानं घोडं वाया गेलं." वस्तीवरच्या बायकांनीही ते उचललं. तिच्या जावेनं तर माझ्यासमोर म्हटलं की आमच्या बाईच्या हातचा कोंडा लई जबर, खाल्ला की तोंड वाकडं. सगळे हसले. मावशीही हसल्यासारखं करून बादली घेऊन गेली. मी वहीत तारीख लिहीत होते, ती लिहीत राहिले.

परिचर माझ्याबरोबर असायचे. एकदा परतताना, गाडीवर मागं बसून, त्यांनी एवढंच म्हटलं, "म्याडम, कडीचा डाग जाऊन राहिला हळूहळू." मी म्हटलं, "हो." मला त्यांचा राग आला होता. दुसऱ्याला आपली चूक माहीत आहे, याचा राग येतो तसा.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी दुपारी मी पोचले, तेव्हा दोन पाहुणे अंगणातून निघत होते. हट्टा गावाहून आले होते. त्यांच्याकडच्या परण्यासाठी हा घोडा ठरलेला होता आणि ते ठरलेलं मोडायला आले होते. त्यातला म्हातारा जाता जाता नरमाईनं म्हणाला, "फोटोत घोड्याचं तोंड बी येतं ना, पाव्हनं. लोक वंगाळ समजतात." चूक त्याचीही नव्हती.

मालक बाजेवर बसला होता. म्हणाला, "दोघं मोडून गेले. आता येत्या बाजारी नेतो आन इकून टाकतो. नवरदेव बसंना तर ठिवून काय करू?" मग बायकोकडं न बघता, "कर म्हनावं आता लाड."

मावशी ठाणाकडं गेली. घोड्यानं तिच्या खांद्यावर वाकडं तोंड टेकवलं, लाळ तिच्या पदरावर गळत होती. ती म्हणाली, "माझ्या हातानं बिघडलं. मंग म्होरकी बी म्याच काढीन त्या दिशी. दुसऱ्यानं हात नका लावू."

मला तेव्हा स्वतःची फार लाज वाटली. वीस दिवस जी मी कामाच्या नावाखाली दाबून ठेवली होती, ती सगळी एकदम आली.

"मावशी, कोंड्यानं काही झालेलं नाही," मी म्हटलं. "कोंड्याचा आणि तोंडाचा संबंध नाही."

मी घोड्याजवळ गेले आणि गालावर बोट ठेवून दोघांना दाखवलं. इथून नस जाते. घोडा या कुशीवर दीड तास होता. ही कडी इथं दबून होती. म्होरकी काढायला हवी होती, ती मी काढली नाही. चूक माझी.

मालकानं कडीखाली बोट घालून पाहिलं. मग म्हणाला, "तुमाला कवा कळलं हे?"

"दुसऱ्या दिवशी सकाळीच."

"आन इतके दिवस हिला बोलू देलं आमाला."

तो उठला, बाजेभोवती उगाच एक फेरी मारली आणि पुन्हा बसला. बायकोकडं त्यानं एकदा पाहिलं. मावशीचं लक्ष आमच्याकडं नव्हतंच.

"म्हंजी म्या काढू नका म्हनले म्हनून झालं," ती म्हणाली.

"नाही. तुम्ही म्हणालात, पण ठरवायचं मी होतं."

"मंग तुमी काहून ऐकलं माझं?" तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "म्या अडानी बाई. तुमी डाक्टर हाव ना?"

मी म्हटलं, "तुमच्या घरचा रिवाज मोडायला नको वाटलं."

घोडा तिच्या कमरेला खेटून घास शोधत होता.

पुढचं थोडक्यात सांगते. घोडा त्यांनी विकला नाही. नस हळूहळू जागी झाली, आधी नाकपुडी फुलायला लागली, मग ओठ वर आला, आणि वैशाखातल्या शेवटच्या तिथींना तो परण्यात होता. नवरा आता कुठंही मला गाठून सांगतो की म्याडमनं घोडं वाचवलं. मी दर वेळी त्याची चूक दुरुस्त करते आणि दर वेळी तो ते कानाआड करतो. जावेला कुणी खरं सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

पण त्या दुपारी मावशीनं घोड्याच्या कानामागची गाठ सोडली. मालक बाजेवरून अर्धा उठला. तिनं म्होरकी सावकाश काढली, कवड्या वाजल्या, आणि घोडा मोकळ्या तोंडानं तिथंच उभा राहिला. ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि म्होरकी पदरात घेऊन तिच्यावर हात ठेवला.

"काढली तरी चालते, म्होरकी घराभायेर गेली न्हाई पायजे, एवढंच हाय आमच्यात," ती म्हणाली. "घोडं उठस्तोर म्या अशी धरून बसले असते. तुमी इचारलंच न्हाई."